धावण्याचे बूट : वजन, गादी आणि स्प्रिंग

१० सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने ती २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली, आणि तीही अनवाणी. त्याला मिळालेले बूट पायांना नीट बसत नव्हते, आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होताच. मॅरेथॉनचे अंतर तोवर कोणीही याहून कमी वेळात धावलेले नव्हते. चार वर्षांनी टोकियोला बिकिला पुन्हा जिंकला. या वेळी त्याच्या पायांत बूट होते आणि वेळ होती २ तास १२ मिनिटे ११ सेकंद. हाही नवा उच्चांक होता.

दोन्हींत तीन मिनिटांचा फरक आहे. मग ही तीन मिनिटे बुटांनी दिली का?

वर्गात हा प्रश्न विचारला तर बरीच मुले चटकन 'हो' म्हणतील. पण जरा थांबून पाहू. रोमचा रस्ता वेगळा, टोकियोचा वेगळा. रोमची शर्यत संध्याकाळी सुरू होऊन अंधारात संपली, टोकियोची दिवसा झाली. मधल्या चार वर्षांत बिकिलाचा सराव आणि अनुभव वाढला होता. उलट टोकियोच्या शर्यतीआधी सुमारे सहा आठवडे त्याच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदललेल्या असताना बुटांचा वाटा वेगळा काढणार कसा? शर्यतीच्या निकालातून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी बाकी सारे तेच ठेवून फक्त बूट बदलावा लागतो, आणि धावणाऱ्याला किती श्रम पडले ते मोजावे लागते.

हे मोजमाप कसे जमत गेले आणि त्यातून 'चांगला बूट' या कल्पनेचा अर्थ कसा बदलत गेला, याची ही हकिकत आहे. कालक्रमाने तीन उत्तरे पुढे आली. पहिले, बूट हलका हवा. दुसरे, त्यात गादी हवी. तिसरे, त्यात उसळी हवी, म्हणजे तो स्प्रिंगसारखा वागायला हवा. तिन्ही उत्तरे खरी होती. अडचण एवढीच की बराच काळ ती एकमेकांच्या आड येत होती.

श्वासाने मोजलेले श्रम

एखादी स्कूटर चांगली की वाईट, हे ठरवताना आपण तिचे 'अ‍ॅव्हरेज' विचारतो. एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर जाते? धावणाऱ्या माणसाचेही असे अ‍ॅव्हरेज काढता येते. पेट्रोलच्या जागी तिथे ऑक्सिजन मोजतात. अन्नातील ऊर्जा स्नायूंना मिळताना ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण २० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ५ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. ऑक्सिजन किती वापरला हे कळले की श्रम किती झाले ते कळते.

इंग्लंडमध्ये क्लॉड डग्लस यांनी १९११ च्या सुमारास यासाठी एक साधी सोय केली होती. पाठीवर एक मोठी हवाबंद पिशवी बांधायची आणि सोडलेला श्वास नळीने तिच्यात साठवायचा. नंतर त्या हवेचे पृथक्करण करून ऑक्सिजन किती कमी झाला ते पाहायचे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्चिबाल्ड हिल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने अशी पिशवी बांधून धावणाऱ्यांवर प्रयोग केले. तो स्वतःही धावला. स्नायूंमधील उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले होते. पुढे पिशवीच्या जागी उपकरणे आली आणि मैदानाच्या जागी ट्रेडमिलचा फिरता पट्टा आला, पण तत्त्व तेच राहिले.

ठरावीक वेगाने धावताना जो कमी ऑक्सिजन वापरतो त्याचे धावणे अधिक काटकसरीचे. ही काटकसर मोजताना वेग बेताचा ठेवावा लागतो. शंभर मीटरच्या शर्यतीसारखे जीव तोडून धावले तर स्नायू काही ऊर्जा ऑक्सिजनवाचूनही मिळवतात आणि हिशेब चुकतो.

हिशेबाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा लक्षात ठेवू. सपाट जमिनीवर धावताना माणसाला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे ६० किलोच्या धावपटूला ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतील. त्यातला एक टक्का वाचला तर २५ किलोकॅलरी वाचल्या. साधारण पाव केळ्यातून मिळते तेवढी ही ऊर्जा! सकाळी फिरायला जाणाऱ्याला तिचे मोल नाही. पण सव्वादोन तासांच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे मिनिटभराहून जास्त वेळ, आणि पहिल्या व चौथ्या क्रमांकांत पुष्कळदा तेवढेच अंतर असते.

पहिले उत्तर : हलका बूट

इंग्लंडमधील बोल्टन गावच्या जोसेफ फॉस्टर या कारागिराने १८९० च्या दशकात खिळ्यांचे हलके बूट बनवायला सुरुवात केली. त्याच्या कारखान्याचे बूट घालून पुढे अनेक ब्रिटिश धावपटू जिंकले. जर्मनीत डासलर बंधूंनी असेच बूट बनवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने ते वापरले होते. त्या काळी चांगल्या बुटाची कसोटी दुहेरी होती : पकड घट्ट आणि वजन कमी.

वजनाचा ध्यास सर्वांत जास्त घेतला तो अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी. आपल्या धावपटूंसाठी ते स्वतः बूट शिवत. त्यांचे विद्यार्थी फिल नाइट यांच्याबरोबर त्यांनी १९६४ साली जपानी बूट विकण्याचा व्यवसाय सुरू केला. तीच पुढे 'नायके' कंपनी झाली. बॉवरमन यांचा एक हिशेब नाइट यांनी आपल्या आठवणींत दिला आहे. उंच धावपटूचे एक पाऊल सहा फूट धरले तर एका मैलात ८८० पावले पडतात. बुटाचे वजन एक औंसाने, म्हणजे २८ ग्रॅमने कमी केले, तर मैलभरात ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड (सुमारे २५ किलो) ओझे उचलायचे वाचले!

हिशेब ऐकायला झकास आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्याने इथे मुलांना थांबवायला हवे. किलो हे वस्तुमानाचे एकक आहे, ऊर्जेचे नाही. ८८० वेळा २८ ग्रॅम उचलले याची नुसती बेरीज केल्याने शरीराला किती ऊर्जा लागली हे कळत नाही. पाऊल किती उंच उचलले, किती वेगाने पुढे फेकले, आणि मुख्य म्हणजे शरीराने त्यासाठी किती ऑक्सिजन वापरला, हे पाहायला हवे.

तरीही बॉवरमन यांच्या मनातली दिशा बरोबर होती. पायावरचे ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा महाग पडते. गिर्यारोहकांना हे अनुभवाने माहीत होते. पायातला एक पौंड म्हणजे पाठीवरचे चार पौंड, असा त्यांचा ठोकताळा असे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी पुढे १९६१ च्या सुमारास ब्रूस टुलो या अनवाणी धावणाऱ्या ब्रिटिश धावपटूवर चाचण्या केल्या. कधी अनवाणी, कधी बूट घालून, कधी बुटांना वजने लावून त्याला धावायला सांगितले. बुटाचे वजन वाढत गेले तसा ऑक्सिजनचा खर्चही त्या प्रमाणात वाढत गेला. १९६९ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी चालण्यावर प्रयोग केले. त्यांतही पायांवर बांधलेले ओझे धडावरील ओझ्यापेक्षा चार ते सहा पट महाग पडते असे दिसले.

असे का व्हावे? पाठीवरची पिशवी शरीराबरोबर बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने पुढे जात असते. पावलाचे तसे नाही. समजा, एकजण सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतो आहे. त्याचे जे पाऊल जमिनीवर टेकलेले आहे त्याचा वेग त्या क्षणी शून्य असतो. शरीर पुढे जाते आणि पाऊल मागे राहते. मागे पडलेले अंतर भरून काढायला तेच पाऊल हवेत असताना ५ मीटरहून पुष्कळ जास्त वेगाने पुढे यावे लागते, आणि पुन्हा टेकताना शून्यावर. प्रत्येक पावलाला ही पळापळ आणि थांबाथांब. शिवाय पाऊल हे पायाच्या लांब तरफेच्या अगदी टोकाला असते. लांब काठीच्या मुठीपाशी दगड बांधून काठी फिरवा आणि मग तोच दगड टोकाला बांधून फिरवा. फरक हाताला लगेच जाणवेल.

१९८० च्या दशकात नेड फ्रेडरिक यांनी या साऱ्याचा एक सोपा नियम मांडला : प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढले की ऑक्सिजनचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. हा नियम पुढे वारंवार खरा ठरला. त्याची सर्वांत मजेदार तपासणी अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ धावपटूंना दिसायला सारखेच बूट दिले. पण काही बुटांत त्यांना न सांगता १०० किंवा ३०० ग्रॅम शिसे दडवले होते. ऑक्सिजनचा खर्च दर १०० ग्रॅममागे १.१ टक्क्याने वाढला, आणि ३००० मीटर धावण्याचा वेळ सुमारे ०.८ टक्क्याने. प्रयोगशाळेतले श्वासाचे माप आणि मैदानावरचे घड्याळ यांचा मेळ बसला.

या नियमाने बॉवरमन यांचा औंस तपासून पाहा. २८ ग्रॅम म्हणजे सुमारे ०.३ टक्का. मॅरेथॉनच्या अडीच हजार किलोकॅलरींपैकी सात-आठ. पंचवीस किलोच्या ओझ्यापेक्षा हा आकडा फारच नम्र आहे, पण खरा आहे.

दुसरे उत्तर : पायाखालची गादी

वजन हेच सर्वस्व असेल तर अनवाणी पाय सर्वांत काटकसरीचे ठरायला हवेत. त्यांच्या बुटाचे वजन शून्य! मग जगातले सगळे उत्तम धावपटू अनवाणी का धावत नाहीत?

१९७० च्या दशकात अमेरिकेत सामान्य माणसे मोठ्या संख्येने रस्त्यावर धावू लागली. त्यांच्यासाठी बुटाच्या तळात मऊ फोमचा थर घालण्याची पद्धत रूढ झाली. ईव्हीए नावाचे प्लॅस्टिक फुगवून हा फोम बनवतात. त्यात हवेच्या बारीक बंद पोकळ्या असतात, ढोकळ्याच्या जाळीसारख्या; फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक रूडी या विमान-अभियंत्याच्या कल्पनेवरून तळात वायूच्या बंद पिशव्या घातलेले बूटही आले. हेतू होता पायाला बसणारा धक्का सौम्य करण्याचा. पण गादीचा श्रमांशी काही संबंध आहे का?

फ्रेडरिक यांची कल्पना अशी होती की आहे. अनवाणी धावताना धक्का झेलायचे काम स्नायूंना करावे लागते. घोटा, गुडघा थोडे वाकवून, मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणून माणूस स्वतःची गादी स्वतःच तयार करतो. हे काम फुकट होत नाही. बुटाने ते उचलले तर स्नायूंचा तेवढा खर्च वाचेल.

ही कल्पना तपासायला तीस वर्षे लागली. कोलोराडो विद्यापीठातच रॉजर क्रॅम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये अनवाणी धावण्याची सवय असलेल्या १२ जणांना ट्रेडमिलवर धावायला लावले : एकदा अनवाणी, एकदा हलक्या बुटांत. खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. बूट हलका असला तरी त्याला वजन आहे. त्या वजनाचा दंड पडायला हवा होता. तो कुठे गेला? हे शोधायला त्यांनी अनवाणी पावलांना शिशाच्या पट्ट्या बांधून त्यांचे वजन बुटाएवढे केले. आता मात्र बूट घातलेले पाय ३ ते ४ टक्के काटकसरीचे ठरले. म्हणजे वजनाने जे घेतले ते बुटाने दुसऱ्या वाटेने परत दिले होते.

ही दुसरी वाट म्हणजे गादीच आहे का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढच्या प्रयोगाची युक्ती विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बुटाचा फोम त्यांनी पायाला न बांधता ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चिकटवला! आता अनवाणी धावणाऱ्याला गादी मिळाली, पण तिचे वजन वाहावे लागले नाही. १० मिलिमीटर जाडीच्या फोमवर खर्च सुमारे दोन टक्क्यांनी कमी झाला. जाडी दुप्पट केल्यावर फायदा मात्र दुप्पट झाला नाही. वजन आणि गादी या दोन गोष्टी अशा वेगळ्या करून मोजल्या गेल्या.

म्हणजे बूट बनवणाऱ्यापुढे हा वजनकाट्याचा खेळ होता. फोम वाढवा, स्नायूंचे काम वाचते, पण वजन वाढते. फोम कमी करा, वजन वाचते, पण गादी जाते. शर्यतीचे बूट म्हणून वर्षानुवर्षे पातळ तळाचेच राहिले.

तिसरे उत्तर : उसळी

तिसऱ्या उत्तराची सुरुवात बुटापासून झालीच नाही. ती माणसाच्या पायापासून झाली.

१९६४ साली इटलीतील जोव्हानी कॅव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावताना शरीर किती यांत्रिक कार्य करते आणि त्यासाठी किती ऊर्जा खर्च करते, याचा ताळेबंद मांडला. कार्यक्षमता आली ४० ते ५० टक्के. हे विचित्र होते, कारण स्नायूंची स्वतःची कार्यक्षमता सुमारे २५ टक्क्यांच्या वर जात नाही. जादा कार्य कुठून आले? निष्कर्ष असा निघाला की सगळे काम स्नायू करतच नाहीत. पाऊल टेकताना शरीराची काही ऊर्जा पायात स्प्रिंगसारखी साठते आणि पाऊल उचलताना परत मिळते.

ही स्प्रिंग म्हणजे मुख्यतः टाचेच्या मागचा जाड कंडरा, जो पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडतो. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या मॅकनील अलेक्झांडर यांच्या गटाने १९८७ मध्ये दुसरी स्प्रिंगही दाखवली : तळपायाची कमान. शस्त्रक्रियेत काढून टाकाव्या लागलेल्या पावलांवर यंत्राने दाब देऊन, त्यांनी कमान किती दबते आणि किती ऊर्जा परत करते ते मोजले. त्यांच्या हिशेबाने ७० किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावताना प्रत्येक पावलाला सुमारे १०० ज्यूल ऊर्जा शरीरातून जाते आणि परत यावी लागते. त्यांपैकी सुमारे ३५ ज्यूल कंडरा साठवतो आणि १७ ज्यूल कमान. कंडरा साठवलेल्या ऊर्जेतील ९० टक्क्यांहून जास्त परत करतो.

पाय जर स्प्रिंग आहे तर त्याच्या खाली दुसरी, जुळणारी स्प्रिंग ठेवली तर? हार्वर्ड विद्यापीठातील टॉमस मॅकमॅहन आणि पीटर ग्रीन यांनी हा प्रश्न बुटाला न विचारता धावपट्टीला विचारला. फार मऊ पट्टीवर माणूस गादीवर धावल्यासारखा रुततो आणि मंदावतो. काँक्रीटसारखी कडक पट्टीही सर्वोत्तम नाही. मधली एक ताठरता अशी आहे की जिच्यावर वेग थोडा वाढतो. या गणितावर बेतलेली लाकडी आधाराची धावपट्टी १९७७ मध्ये हार्वर्डला बांधली गेली. धावपटूंचे वेग दोन-तीन टक्क्यांनी सुधारले आणि दुखापतीही घटल्या.

मग असाच बूट का झाला नाही? अडचण पदार्थाची होती. पुष्कळ ऊर्जा साठवायची तर तळ बराच दबायला हवा, म्हणजे तो मऊ आणि जाड हवा. जाड तळ जड होतो. आणि मऊ असणे म्हणजे उसळणे नव्हे. कापसाची उशी मऊ असते, पण तिच्यावर चेंडू टाकला तर उसळत नाही. दबताना घेतलेली ऊर्जा ती उष्णतेत घालवते. साध्या फोमचेही काही प्रमाणात तेच होते. हवा होता हलका, मऊ आणि उसळणारा पदार्थ, तिन्ही गुण एकत्र.

२०१३ साली एका जर्मन रसायन कंपनीच्या फुगवलेल्या पॉलियुरेथेनच्या दाण्यांपासून बनवलेले बूट आले. त्यांची उसळी चांगली होती, पण पदार्थ थोडा जड होता. २०१७ मध्ये नायकेने 'पीबा' गटातील प्लॅस्टिकपासून बनवलेल्या अतिहलक्या फोमचा बूट बाजारात आणला. टाचेखाली तीन सेंटिमीटरहून अधिक जाडी, फोमच्या मध्ये कार्बन तंतूंची वक्र पट्टी, आणि तरीही वजन दोनशे ग्रॅमच्या आत.

कोलोराडोच्या प्रयोगशाळेत व्हाउटर हूगकामर, क्रॅम आणि सहकाऱ्यांनी या बुटाच्या नमुन्याची दोन प्रचलित शर्यतीच्या बुटांशी तुलना केली. वजनाचा प्रश्न येऊ नये म्हणून शिसे घालून तिन्हींची वजने सारखी केली. यंत्राने दाबून पाहता जुन्या दोन बुटांनी घेतलेल्या ऊर्जेपैकी ६५.५ आणि ७५.९ टक्के परत केली, नव्याने ८७ टक्के. शिवाय नवा बूट जवळजवळ दुप्पट दबत होता, म्हणून प्रत्येक पावलाला परत मिळणारी ऊर्जा सुमारे साडेसात ज्यूल भरली, इतरांच्या साधारण दुप्पट. १८ धावपटूंच्या ऊर्जेच्या खर्चात सरासरी ४ टक्के बचत झाली.

हे संशोधन बूट बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाले होते आणि लेखकांत तिचे कर्मचारीही होते. म्हणून स्वतंत्र तपासणी महत्त्वाची होती. ती झाली. न्यूझीलंडमधील गटाला चार टक्क्यांच्या आसपास बचत दिसली, तर अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाला पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. आकडा थोडा हलला, पण परिणाम टिकला.

कार्बनच्या पट्टीचे काय? 'पायाला पुढे फेकणारी स्प्रिंग' म्हणून तिचीच जास्त चर्चा झाली. हूगकामर यांच्या गटाने २०२१ मध्ये बुटाच्या तळाला आडवे छेद देऊन ती पट्टी निकामी केली आणि पुन्हा मोजले. खर्चात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तोही लक्षणीय म्हणता येणार नाही असा. निदान त्या बुटात मोठा वाटा फोमचाच होता.

बूट ऊर्जा देत नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'हा बूट ऊर्जा देतो' अशी जाहिरात आपण वाचतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या मुलाला ती खटकायला हवी. ८७ टक्के परत करणारा बूट १३ टक्के घालवतोच. तो काहीही निर्माण करत नाही. जुना बूट जास्त घालवत होता, नवा कमी घालवतो, एवढाच फरक. आणि अलेक्झांडर यांचे आकडे आठवा : बुटाचे साडेसात ज्यूल एकीकडे आणि आपल्याच कंडरा व कमानीचे मिळून पन्नासाहून जास्त ज्यूल दुसरीकडे. सर्वांत मोठी स्प्रिंग आपण जन्मतः घेऊन आलो आहोत.

शिवाय ४ टक्के ही सरासरी आहे. त्या १८ जणांत कोणाला दीड टक्क्याच्या आसपास फायदा झाला, कोणाला सहा टक्क्यांहून जास्त. आणि ऊर्जेची ४ टक्के बचत म्हणजे वेगात ४ टक्के वाढ असेही नाही. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. त्यामुळे अतिवेगवान धावपटूच्या वेगातील वाढ त्यापेक्षा कमी भरते.

तरी शर्यतीच्या जगात याने खळबळ उडाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मॅरेथॉनची तिन्ही पदके मिळवणाऱ्यांच्या पायांत या बुटाचे बाजारात न आलेले नमुने होते, हे नंतर उघड झाले. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाचा एलिउड किपचोगे व्हिएन्नामध्ये मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. दुसऱ्याच दिवशी शिकागोला ब्रिजिड कोसगेई हिने २ तास १४ मिनिटे ४ सेकंदांत धावून पॉला रॅडक्लिफचा सोळा वर्षे टिकलेला विक्रम मोडला. अर्थात किपचोगेच्या धावेत वारा अडवणारे सोबती आळीपाळीने पुढे धावत होते आणि ती शर्यत नव्हतीच. बिकिलाच्या तीन मिनिटांबद्दल आपण जी शंका घेतली तीच इथेही घ्यावी लागते. पण आता फरक असा होता की बुटाचा वाटा प्रयोगशाळेत वेगळा मोजलेला होता. तो शून्य नाही हे माहीत होते.

मग विक्रम कोणाचा म्हणायचा? जानेवारी २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि ताठर पट्टी एकच, अशी मर्यादा घातली. बूट सर्वांना विकत मिळणारा असावा असाही आग्रह धरला. पोहण्याच्या खेळात विशेष पोशाखांमुळे विक्रमांचा पूर आला, तेव्हा २०१० पासून त्या पोशाखांवर बंदीच आली होती. धावण्यात बंदी आली नाही, मर्यादा आली. इतर कंपन्यांनीही तसेच फोम वापरायला सुरुवात केली. २०२३ साली बर्लिनला तिगिस्त असेफा २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत धावली तेव्हा तिच्या बुटाचे वजन अवघे १३८ ग्रॅम होते. जाडी, मऊपणा, उसळी आणि हलकेपणा यांचे भांडण पदार्थविज्ञानाने बरेचसे मिटवले होते.

पण विकत मिळणे आणि विकत घेता येणे यांत अंतर आहे. आपल्याकडे हे बूट कित्येक हजार रुपयांना पडतात आणि त्यांचा फोम लवकर दमतो. आंतरशालेय स्पर्धेत एक मुलगा असे बूट घालून आणि दुसरा अनवाणी उभा असेल, तर त्यांच्या वेळांची तुलना करताना शिक्षकाने हा हिशेब मनात ठेवायला हवा. अनवाणी असल्याने धाव कमी प्रतीची ठरत नाही. बिहारचा शिवनाथ सिंह बहुधा अनवाणीच धावत असे. १९७८ साली जालंधरला त्याने मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली, आणि भारतीय उच्चांक म्हणून ती वेळ पुढे चाळीसहून अधिक वर्षे टिकली.

आणखी एक गोष्ट. १९८० साली अमेरिकेत १२ निष्णात धावपटूंचा अभ्यास झाला. त्या सर्वांची ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता जवळपास सारखी होती, तरी १० किलोमीटरच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. या फरकाचा सुमारे ६५ टक्के भाग त्यांच्या धावण्यातील काटकसरीने उलगडला. ही काटकसर वर्षानुवर्षांच्या सरावाने घडते. बूट तिच्यात दोन-चार टक्क्यांची भर घालतो, ती जागा भरून काढत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय शिकवायला ट्रेडमिल लागत नाही. एक मोठी गोटी किंवा लोखंडी गोळी, एक मीटरपट्टी आणि मुलांच्या पायांतली पादत्राणे पुरेत. कॅनव्हासचा बूट, रबरी चप्पल, जुन्या गादीतला फोमचा तुकडा, घडी केलेले गोणपाट अशा वस्तू फरशीवर ठेवा. प्रत्येकीवर गोळी ५० सेंटिमीटरवरून सोडा आणि ती किती उंच उसळते ते पाच वेळा मोजून सरासरी काढा. गोळीची स्थितिज ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते. म्हणून १५ सेंटिमीटर उसळली तर ३० टक्के ऊर्जा परत आली. बोटाने दाबून 'सर्वांत मऊ कोणते' याचा क्रम मुलांना आधी लावायला सांगा, आणि मग तो उसळीच्या क्रमाशी ताडून पाहा. दोन्ही क्रम जुळत नाहीत असे दिसले की मऊपणा आणि उसळी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगावे लागणार नाही. एकाच चपलेची झिजलेली टाच आणि न झिजलेला मधला भाग यांचीही तुलना करता येईल.

मग तागडीवर प्रत्येकाचा बूट तोला आणि '१०० ग्रॅमला एक टक्का' या नियमाने त्याचा दंड काढा.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा : गोळी हलकी आहे, ती तळ जेमतेम दाबते, माणसाचे पाऊल तोच तळ कितीतरी जोराने दाबते. मग आपले आकडे धावणाऱ्याला लागू पडतील का? पडत नसतील तर प्रयोगात काय बदलावे लागेल? या प्रश्नावर वर्गात वाद सुरू झाला, तर तास चांगला गेला असे समजावे.